शेवटच्या खांबापाशी

१

हे सांगायची मला हौस नाही. मुलगी मागे लागली आहे म्हणून लिहितोय. "बाबा, मला सांगायचं नसेल तर नका सांगू, कागदाला तरी सांगा." म्हणजे कागदाला सांगितलं की ती वाचणार, मग विहीणबाईंना वाचून दाखवणार, विहीणबाई रडणार, आणि म्हाताऱ्यानं रडवलं म्हणून परत बोल मलाच. वर जावईबापू परगावच्या नोकरीवरून सुट्टी काढून आले आहेत आणि माझ्याकडे असे बघतात की जणू त्यांचा बाप मी खिशात घालून फिरतोय.

तर लिहितो. चार बुकं शिकलेला माणूस आहे मी. सगळं आयुष्य बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात गेलं. लिहिण्यात चुका निघतील. ज्याला दिसतील त्यानं मनातल्या मनात दुरुस्त कराव्यात, मला सांगायला येऊ नये.

बायको गेली आणि घरात भांडायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी कॅमेरा घेतला. जुना, रिळाचा. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकलं, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं, झाली अंधारखोली. बादलीत फोटो धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे. अंघोळ स्वयंपाकघरात. विचारणारं कोण आहे?

लोक फुलं काढतात, पोरंबाळं काढतात, सूर्य बुडताना काढतात. काढा बापडे. मला त्यातलं काही बघवत नाही. मला लागतो तो मेलेला दिवस. ऊन नाही, पाऊस नाही, आभाळ नुसतं बसलेलं. पानं झडलेली झाडं, ओला मुरूम, धुक्यात अर्धं गेलेलं कुंपण. बर्फाच्या लादीच्या पोटात एक पांढुरका, गढूळ भाग असतो. मालक म्हणायचा, तो दोष आहे, गिऱ्हाइकाला आरपार दिसणारा बर्फ लागतो. मला मात्र तो गढूळ भागच बघत बसावंसं वाटायचं. तसंच हे.

मुलगी म्हणायची, "बाबा, एक तरी हसरा फोटो काढा हो."

"कुणाचा? चिखलाचा?"

२

गावाबाहेर जुना तलाव आहे. गावाला दुसरीकडून पाणी आलं तसं ह्याला कोणी विचारेनासं झालं. पाणी आटत आटत मधल्या डबक्यापुरतं राहिलं. बाकी सगळा गाळ. वरून भेगा पडलेला, आतून लोण्यासारखा मऊ. काठापासून आत पाण्याची पातळी मोजायचे पाच लोखंडी खांब रोवलेले आहेत, एकामागे एक, ओळीनं. शेवटचा इतका आत आहे की धुकं असलं की दिसतो न दिसतो.

त्या सकाळी धुकं असं होतं की मला माझी काठी दिसेना. मी काठावर कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं आणि वाट बघत बसलो. मग धुकं जरा सैल झालं. पाचही खांब दिसले, शेवटचा अगदी पुसट, आणि त्यामागे काहीच नाही. गाळ कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मी बटण दाबलं. एकदाच. रीळ फुकट येत नाही.

घरी फोटो छापला तर शेवटच्या खांबाशेजारी एक काळा ठिपका.

मी म्हटलं, कचरा. पण निगेटिव्हवर कचरा बसला तर फोटोत पांढरं उमटतं, काळं नाही. म्हटलं, मग रिळावरच भोक असेल. बारीक भोक पडतं कधी कधी. भिंग लावलं. भोक गोल असतं. हे उभट होतं. खाली जरा रुंद, वर अरुंद, आणि वरचा भाग किंचित एका बाजूला कललेला. एखादा आपल्याला कोणी हाक मारली का, म्हणून मान वळवतो तसा.

गाळात तिथवर कोणी जाऊ शकत नाही. गुडघ्यापर्यंत जाईल, मग कमरेपर्यंत जाईल, मग वर्तमानपत्रात जाईल.

तरी मी ते तसंच राहू दिलं. कारण सांगतो, उगाच मोठेपणा नको. ठिपका काढायचा तर बारीक कुंचला लागतो नाहीतर ब्लेडची टोकदार कड, आणि बर्फानं माझ्या बोटांची वाट लावली आहे, चहाचा कपसुद्धा बशीत वाजतो. दुसरं असं की, माझ्या फोटोत कधी कोणी नसतंच. एक जण आलाय, तर राहू दे म्हटलं. उभा आहे तिथे उभा आहे, आपल्याला काय त्रास आहे?

तळहाताएवढा नमुन्याचा एक फोटो मी बिस्किटांच्या डब्यात टाकला. निगेटिव्ह पाकिटात घातली. आणि तिथून पुढे माझ्या व्याह्यांचा संबंध येतो.

३

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मोठ्या कचेरीत साहेब होते, निवृत्त झाल्यावर गावातल्या फोटोमंडळाचे अध्यक्ष. अंगानं रुंद, आखूड. कॅमेरे चार. भिंगं ठेवायला वेगळं कपाट. मनगटावर घड्याळ असं की वेळ विचारायची भीती वाटावी. बोलणं गोड. इतकं गोड की ऐकून घेतल्यावर चूळ भरावीशी वाटे.

"व्याहीबुवा, हा छंद तुम्हाला झेपतो का हो? नाही, औषधांचा वास वगैरे. या वयात."

ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे.

मी हसायचो. मुलीचा बाप हसतो. ज्या घरात आपलं लेकरू जेवतं त्या घरच्या माणसाच्या पाणचट विनोदालासुद्धा आपण हसतो, हे ज्याला मुलगी आहे त्यालाच कळेल. माझी पोर तिथे सुखात होती. सासू प्रेमळ, नवरा साधा. मीच काहीतरी बोलून बसायचं आणि तिला त्या घरात खाली मान घालून वावरावं लागायचं, हे मला नको होतं. म्हणून गेली कित्येक वर्षं मी मूग गिळत होतो.

त्या दिवशी ते माझ्याकडे आले ते मुलीनं पाठवलेली शाल द्यायला. दोरीवर तलावाचा फोटो वाळत होता. व्याही बोलता बोलता थांबले. शाल माझ्या हातात न देता तशीच धरून फोटोसमोर उभे राहिले.

"हा कोणी काढला?"

"या घरात अजून कोण राहतं?"

"नाही, छान आहे. छपाई गचाळ केलीत तुम्ही, पण..." त्यांनी वाकून बघितलं. "निगेटिव्ह नेऊ का? नीट छापून देतो. माझ्याकडचा कागद चांगला आहे."

मी दिली. काय करणार? आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या माणसानं माझ्या कशाला तरी छान म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

४

प्रदर्शन गावातल्या मोठ्या सभागृहात होतं. मुलगीच घेऊन गेली मला, नवा सदरा घालायला लावून.

समोरच्या भिंतीवर माझा तलाव. दाराएवढा मोठा. छापला होता माझ्यापेक्षा हजारपट चांगला, ते मी नाकारत नाही. गाळाची एकेक भेग दिसत होती, धुकं हाताला लागेल असं. फोटोखाली व्याह्यांचं नाव आणि त्यावर पहिल्या बक्षिसाची फीत.

मी मुलीकडे बघितलं. तिनं दोरीवर तो फोटो बघितलेला होता. तिला कळलं होतं. तिनं माझा हात धरला, घट्ट, आणि डोळ्यांनी म्हणाली, बाबा, नको. माझ्यासाठी.

तेवढ्यात व्याही पाच-सहा माणसं घेऊन आले. "हे आमचे व्याही. यांनाही आवड आहे बरं का थोडीफार. मीच शिकवतो आहे हळूहळू."

माणसं माझ्याकडे बघून कौतुकानं हसली. तीन पायांच्या कुत्र्याकडे बघून हसतात तशी.

मी फोटोजवळ गेलो. सगळं होतं, फक्त शेवटच्या खांबाशेजारी काही नव्हतं. अगदी बेमालूम धुकं. नाक लावून बघितल्यावर तिथे कागदाचा पोत जरासा निराळा दिसला, जखम भरून आलेल्या कातडीसारखा.

माणसं पांगल्यावर मी हळूच म्हटलं, "नाव तुमचं लावलंत. ते आपण नंतर बोलू. पण त्याला का काढलंत?"

"कोणाला?"

"तिथे उभा होता त्याला."

"अहो, डाग होता तो!" ते हसले. "निगेटिव्हवर लाल रंग लावून बुजवला आणि फोटोवर करड्यानं भरून घेतला. डाग ठेवून कोणी फोटो लावतं का?"

त्यांनी बोटं दाखवली. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं करडी होती. "रंग आहे. दोन दिवस झाले, जात नाही," असं म्हणून त्यांनी ती रुमालाला पुसली. रुमाल पांढराच राहिला.

५

प्रदर्शन आठवडाभर होतं. दोन दिवसांनी व्याही माझ्या दारात. बूट न काढता थेट आत.

"हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"शाईनं डाग काढलात माझ्या फोटोवर! भर सभागृहात! एवढं पोटात दुखत होतं तर तोंडानं बोलायचं!"

मी उठलो, काठी घेतली, त्यांच्याबरोबर चालत गेलो. तिथे मंडळाची माणसं जमली होती, मुलगीही आली होती. फोटोत शेवटच्या खांबाशेजारी काही नव्हतं. पण त्याच्या अलीकडच्या खांबापाशी एक काळा ठिपका होता. आता जरा मोठा. माणूस जितका जवळ येईल तितका मोठा दिसतो, तेवढाच मोठा.

"माझे हात बघा," मी म्हटलं आणि पुढे केले. हात थरथरत होते. "ह्या हातांनी एवढी बारीक आकृती निघेल?"

माणसांनी हात बघितले. व्याही बोलले. "म्हातारा माणूस आहे, एकटा राहतो. जाऊ द्या. मी तक्रार करत नाही. घरचाच माणूस आहे."

चोरी त्यांनी करायची आणि वर माफही त्यांनीच मला करायचं. आणि मी परत गप्प, कारण मागे मुलगी उभी होती. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की ह्या माणसाकडून मला एकच गोष्ट हवी. बक्षीस नको, फीत नको. माफी. चार माणसांत मान खाली घातली मी, तशी त्यांनी एकदा माझ्या मुलीसमोर घालावी. बस.

मागून आवाज ऐकू आला, खर्र, खर्र. व्याही स्टुलावर चढून ब्लेडनं तो ठिपका खरवडत होते.

तो आवाज ऐकून मला कीव आली. कोणाची ते तेव्हा कळलं नाही.

६

नंतर बरेच दिवस मी त्यांच्याकडे गेलो नाही. मुलगीच यायची. एकदा आली ती दारातच बसली. मग म्हणाली (सासऱ्यांना ती पप्पा म्हणते), "बाबा, पप्पांचं काहीतरी बिनसलंय. प्रदर्शनातला फोटो घरी आणलाय, टेबलावर पसरलाय. दिवसभर त्याच्यावर वाकलेले. खरवडतात, भरतात, परत खरवडतात."

"खरवडू दे."

"आणि घरात चिखल येतोय."

"पाय पुसत नसेल कोणीतरी."

"कोण? आम्ही तिघंच आहोत." ती जवळ सरकली. "बाबा, तुम्ही एकदा या. ते तुम्हाला बोलवतात."

"ते बोलवतात?"

"हो. तुमचं नाव काढतात सारखं. म्हणतात, व्याह्यांनाच माहीत आहे तो आधी कुठे उभा होता."

मी उठलो आणि बिस्किटांचा डबा उघडला. दोरीवरचा फोटो ओलीनं कधीच खराब झाला होता, पण नमुन्याचा छोटा फोटो होता तिथेच होता. मी भिंग लावलं. शेवटच्या खांबाशेजारी ती उभट आकृती, मान जराशी वळलेली, जशीच्या तशी. आपल्या जागेवर. मी फोटो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. तो देऊन टाकायचा असं माझ्या मनात होतं, हे लिहून ठेवतो. फक्त आधी मला माझं मिळायला हवं होतं.

दुपार होती, पण आभाळ उतरलं होतं. त्यांच्या गल्लीत शिरताना धुकं गुडघ्याएवढं होतं. माझ्या आवडीचा दिवस. कॅमेरा आणला नाही म्हणून हळहळ वाटली, एवढा मी निर्धास्त होतो.

दारात विहीणबाई फडकं घेऊन बसल्या होत्या. "या व्याहीबुवा. पाय पुसून या हं. सकाळपासून तिसऱ्यांदा पुसतेय. कोण मेलं चिखलाचे पाय घेऊन फिरतं कळत नाही."

मी खाली बघितलं. फरशीवर गाळ होता. त्या गल्लीतल्या मातीचा नाही. तो तलावातला, निळसर काळा. वास मला पाठ होता. दारापासून नव्हता तो. घरातल्या बोळाच्या मध्येच सुरू होत होता आणि व्याह्यांच्या खोलीकडे जात होता.

पाण्याचा पाइप फुटला असेल, मी मनाशी म्हटलं. जुनं घर आहे, फरशीखालून ओल येते, काळा गाळ वर येतो. येतो की. आमच्या कारखान्यात यायचा.

पाइप फुटला तर गाळ येईल. पावलापावलांनी येईल का?

७

व्याह्यांच्या खोलीत एकच खिडकी, टेबलासमोर. ती शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते. हात लांब केला तर भिंतीला लागेल, इतकी जवळ. भिंतीवर एक गंजका पाइप. व्याही नेहमी कुरकुरायचे, "एवढं घर बांधलं आणि खिडकीत काय, तर पाइप."

ते टेबलाशी बसले होते. दाढी वाढलेली. बोटं करडी, नुसती टोकं नाही, मनगटापर्यंत. टेबलावर तलाव पसरलेला. शेवटच्या खांबापासून काठापर्यंत प्रत्येक खांबाशेजारी खरवडलेली जागा, कागदाला भोकं पडेपर्यंत. आणि पहिल्या खांबाच्याही अलीकडे, फोटोच्या खालच्या कडेला, तो. आता ठिपका म्हणायची सोय नव्हती. खांदे होते. हात होते, दोन्ही बाजूंना सरळ. तोंड मात्र नव्हतं. तिथे करडा रंग होता, कुंचल्यानं भरलेला, बेमालूम.

मला वाटलं, हे व्याह्यांनीच केलं असणार. तेवढाच भाग बुजवत बसले असतील.

"मी तिथे हात लावलेला नाही," व्याही म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. "तो तसाच आलाय."

मग ते माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे पहिला फोटो आहे. मला माहीत आहे. तुम्ही काही टाकत नाही. निगेटिव्हवर ती जागा मी बुजवली, आता रंग निघत नाही, खरवडला तर खालची फिल्मच निघाली. तो परत जाणार कुठे? त्याला जागाच नाही. तुमचा फोटो द्या मला. त्यावरून नवी निगेटिव्ह करतो. तिथे उभा राहील आणि इथून जाईल."

मी खिशाला हात लावला. "देतो."

"द्या."

"आधी मुलीला बोलवा. विहीणबाईंना बोलवा. त्यांच्यासमोर म्हणा, फोटो ह्यांचा होता, मी चोरला, शाईचा आळ खोटा घेतला, माझं चुकलं. एवढं बोला, लगेच देतो."

व्याह्यांनी करड्या हातानं कपाळ पुसलं. घाम आला होता, आणि तरी, देवाशपथ, त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं.

"एका डागापायी माफी मागू? तुमची?"

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. विहीणबाईंनी चहा टाकला. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, द्या ना."

"देईन. त्यांनी हाक मारली की."

आतून खर्र, खर्र सुरू झालं. जोरात. मग एकदम थांबलं.

त्यानंतर जो आवाज आला तो तुम्ही गाळात चालला असाल तर तुम्हाला माहीत असेल. पाय आत जाताना होत नाही तो. पाय बाहेर ओढताना होतो. पचक्. मग थोडा वेळ. पचक्. विहीणबाई म्हणाल्या, "आलं बाई परत," आणि फडकं घ्यायला उठल्या.

मग आवाज दुप्पट झाले. दोन जोडी पाय. आणि ते इकडे येत नव्हते. लांब जात होते.

मी बोळातून गेलो. काठी दारातच घसरली, फरशी ओली होती. दार उघडलं. खुर्ची रिकामी. ब्लेड खाली पडलेलं. खिडकी सताड उघडी.

भिंत नव्हती. पाइप नव्हता. खिडकीच्या चौकटीबाहेर सगळं करडं, दूरवर करडं, आणि त्यात ओळीनं उभे खांब. इतकं सुंदर मी आयुष्यात बघितलेलं नाही, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. तिसऱ्या खांबापाशी दोघं चालले होते, पाठमोरे. एक रुंद, आखूड, त्याला मी कुठेही ओळखेन. दुसऱ्यानं त्याचं कोपर धरलं होतं. ओढत नव्हता. वडीलधाऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना धरतात तसं धरलं होतं, अदबीनं.

रुंद असलेल्यानं मान वळवली. मला बघितलं. तोंड उघडलं.

माझा हात खिशात होता. बोटांत फोटो होता. एक शब्द, मी मनात म्हणत होतो, एक शब्द बोल.

"अहो व्याही!" ते ओरडले. आवाज चांगला स्वच्छ आला. "बघत काय उभे राहिलात? ओढा मला!"

हुकूम सोडला! तिथूनसुद्धा!

मी हात खिशातून रिकामा काढला.

मागून मुलगी येऊन थडकली आणि तिनं बघितलं तेव्हा समोर भिंत होती. भिंतीवर पाइप. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

८

तलावावर माणसं गेली, बांबू घेऊन, दोर घेऊन. गाळावरची पापडी कुठेही मोडलेली नव्हती. खिडकीतून माणूस बाहेर पडू शकत नाही, तिथे मांजर अडकेल. जावईबापू विचारतात, तुम्ही शेवटचं काय बोललात? मी सांगतो, माफी मागा म्हटलं. ते मान हलवतात आणि उठून जातात.

टेबलावरचा फोटो मुलीनं गुंडाळून माळ्यावर टाकला. मी त्याआधी बघून घेतला होता. खरवडलेल्या जागा सगळ्या आपोआप भरून आल्या होत्या, आणि तलाव रिकामा होता.

धुकं पडलं की मी अजून तलावावर जातो. का जाऊ नये? काठावर बसतो, धुकं सैल व्हायची वाट बघतो, एकदाच बटण दाबतो. डोळ्यांना काही दिसत नाही. फोटो धुतला की दिसतं. पहिल्यांदा शेवटच्या खांबाशेजारी दोन ठिपके होते, एक उभट आणि एक रुंद. दुसऱ्यांदा उभट तिथेच होता, आपल्या जागेवर, निवांत. रुंद ठिपका एक खांब अलीकडे आला होता. काल छापलेल्या फोटोत तो पहिल्या खांबापाशी आहे. भिंग लावलं तर दोन्ही हात समोर आलेले दिसतात. जोडलेत, की माझ्याकडे रोखलेत, ते माझ्या भिंगाला कळत नाही.

मुलीनं तो फोटो बघितला. तिनं बारीक कुंचला आणून दिलाय, करड्या रंगाच्या बाटलीसकट. "बाबा, पुसून टाका. तुमच्यापर्यंत येतील ते." दुसऱ्याच दिवशी परत आली आणि पाया पडायला लागली. "नाहीतर तो छोटा फोटो जाळून टाका. माफ करा त्यांना. सोडून द्या."

पुसणार नाही. पुसण्याचं काय होतं ते मी बघितलंय. आणि सोडून काय देऊ? जे मागितलंच नाही ते देता येत नाही. त्यांनी मागावं, मी लगेच देईन. वाट पाहणं मला जमतं. बर्फ जमायला वेळ लागतो, मी जन्मभर तेच केलंय.

आज लिहायला बसलो तेव्हापासून न्हाणीघरात आवाज होतोय. बादली गळत असेल. दाराखाली गोणपाट कोंबलेलं आहे, ते ओलं दिसतंय, काळं. दाराला कडी लावलेली नाही, मुद्दाम. छोटा फोटो माझ्या खिशात आहे. यायचं असेल त्यानं यावं, हात जोडून यावं नाहीतर कसंही यावं, पण माझ्या घरात पाय टाकल्यावर पहिला शब्द माफीचा हवा. दुसरं काही मी ऐकून घेणार नाही. एवढी वर्षं मुलीसाठी गप्प बसलो, आता मुलीला सगळं ठाऊक आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत. माफी एकाच माणसाकडून यायची राहिली आहे, आणि तो माणूस म्हणजे माझे व्याही.